शेरीफच्या गाढवाचा आवाज

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून मला फ्रिजमधला शेवटचा गुलाबजामही लपवता येत नाही. मग हेच कसं पचलं इतकी वर्षं?

तुम्ही मला ओळखत नसाल, पण तुमच्या पोरांनी मला ऐकलंय. ब्रिस्टलला आलो तो आयटीतल्या नोकरीसाठी. सुट्टीत हौशी नाटकं, त्यातून एक ऑडिशन — आणि शनिवारी सकाळी लागणाऱ्या काउबॉयच्या कार्टूनमधलं, शेरीफचं ते कुरकुरणारं गाढव झालो! मग स्टेजवरच्या काउबॉय-कॉमेडीत चिडका स्वयंपाकी, टीव्हीवर बहिरा बारमन, आणखी एका कार्टूनमध्ये गिधाड. काय धमाल दिवस होते हो! सुपरमार्केटच्या रांगेत पोरं ओरडायची, 'डू द डाँकी!' आणि मी हातात टोमॅटो धरून सुरू.

आता तो आवाज. नाकात सुरू होणार, मध्येच घशात अडकणार, शेवटी कुकरच्या शिट्टीसारखा वर जाणार. कुठून आणलात, असं विचारलं की मी सांगायचो — निरीक्षण! रियाज! कसलं डोंबलाचं निरीक्षण? तो आवाज माझ्या सासऱ्यांचा होता. नाना साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आले होते. चहा गार झाला म्हणून ते सकाळी कुरकुरायचे, आणि मी तस्संच, इंग्रजीत, माईकपुढे.

चोरी केली, ते एक वेळ सोडा. नकला सगळेच करतात. पण नानांनी मला एकदा सांगितलं होतं — तरुणपणी ते एका नाटक कंपनीत गेले होते. पहिलंच वाक्य ऐकून मॅनेजर म्हणाला, 'या आवाजाला कोण तिकीट काढणार?' नाना पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. हे मला ठाऊक होतं. नाना, हा तुमचा आवाज आहे — एवढंच तर बोलायचं होतं. का नाही बोललो? टाळ्या वाटून घ्याव्या लागल्या असत्या, म्हणून.

बायकोला एकदा संशय आला. 'अरे, हे नानांसारखं वाटतंय!' मी म्हणालो, 'काहीतरीच तुझं.' आणि नाना? स्वतःचा आवाज कुणाला ओळखू येतो? आमच्या मुलीला मांडीवर घेऊन ते त्या गाढवाला हसायचे, अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

मग गणपतीत इथल्या महाराष्ट्र मंडळाने माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि आग्रह — आवाज काढाच! काढला. हॉलमध्ये नुसता हशा. नाना पहिल्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी खाली उतरलो तसे त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

'जावईबापू, आवाज असावा तर असा! मला असा असता ना, तर मी नट झालो असतो.'

मी 'थँक यू, नाना' म्हणालो, आणि वाकून त्यांच्या पाया पडलो.