लखनचा खांब

स्नेहल, पोरी, बस इथं आणि लिही. भिकाबाबाचं सांगते. तो गेला तवा तू आईसंगं पिंपळगावला द्राक्षाच्या कामावर व्हतीस, म्हणून तुला अर्धंच ठाऊक हाय. लोक म्हणतात, त्यानं शाळा बांधली. बांधली, खरं हाय. पण त्यापायी त्याचं काय गेलं ते कुणी सांगत नाय.

भिका म्हंजी माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन करंजपाड्याला आले तवा तो शेंबडा व्हता, माझ्या पदराला हात पुसायचा. मोठा झाल्यावरबी मला वैनीच म्हणायचा, पण बोलायचा आईशी बोलल्यासारखा. कुडाच्या भिंती करायला त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कारवीच्या काठ्या अशा बसवायचा की शेणमाती लावायच्या आधीच वारा अडायचा. नागली, वरई पिकवायची, दिवाळी झाली की बायको-पोराला घेऊन पिंपळगावला जायचं, होळीला माघारी यायचं. सगळ्या पाड्याचं तेच, त्याचंबी तेच. बायको गोजराबाई, माझी जाऊ. आणि लेक एकच, लखन.

आपल्या डोंगराच्या पलीकडं बोरपाडा. मधी खिंड, खिंडीत शीव, आणि शिवेवर मोहाची झाडं. आपले लोक म्हणायचे झाडं आपली, ते म्हणायचे त्यांची. झाडाला काय, ते दोन्ही अंगाला फुलं टाकतं. चैतात पहाटे टोपल्या घेऊन बाया वेचायला जायच्या आणि शिव्या देऊन माघारी यायच्या. एवढंच चालायचं. आमच्या सासूच्या काळापासून चालायचं.

मग एका चैतात गडी माणसंबी गेली. कुणाची टोपली कुणी लाथाडली, कुणी कुणाची काठी धरली, आणि दगड सुरू झाले. लखन भांडायला गेला नव्हता. आईला आणायला गेला व्हता. त्याच्या कानामागं दगड बसला. भिकानं त्याला झोळीत घालून डोंगर उतरवला, पण खाली गाडीपर्यंत पोचायच्या आतच पोरगं गेलं.

पोलीस आले. दगड कुणाचा, कुणी बोललं नाय. सगळ्यांच्या तोंडी नाव चिमाजीचं, बोरपाड्याच्या चिमाजीचं, पण साक्ष द्यायला पुढं कोण येणार. त्याला नेला, ठेवला, सोडला. तवापासून दोन पाड्यांची वाट मोडली. लग्नं तुटली. आजारी माणसालाबी लांबच्या वाटेनं न्यायचे, पण त्यांच्या अंगणातून नाय.

आता आपल्यात काय करतात ते तुला ठाऊक हाय, पण लिही, वाचणाऱ्याला कळू दे. ज्याला अवेळी मरण येतं, त्याचा वीर करायचा. लाकडाचा खांब घ्यायचा, वर चंद्र-सूर्य कोरायचा, खाली घोड्यावर बसलेला गडी, आणि गावदेवापाशी रोवायचा. तोवर त्या जिवाला टेकायला जागा नाय. वाऱ्यावर फिरतो. भिकाकडं आमच्या सासऱ्याच्या जुन्या घराचा सागाचा सोट व्हता. तसला साग आता कुठं. तो त्यानं लखनसाठी काढला. चंद्र-सूर्य कोरला, घोडा कोरला. गड्याचं तोंड कोरायला बसला की हात थांबायचा. गोजरा म्हणायची, "कवा व्हायचं ते?" हा म्हणायचा, "त्याचं तोंड येत नाय गं माझ्या हाताला."

तशातच तो मनोज मास्तर आला. चांदवडकडला, नवीन लागलेला, गाडीवर धुळीनं माखून यायचा. खालच्या गावाच्या शाळेत व्हता. पावसात नदीला पाणी आलं की आपली पोरं तिकडं जात नव्हती, बोरपाड्याचीबी नाय. तो म्हणला, खिंडीत छप्पर उभं करा, दोन्हीकडची पोरं येतील, मी चढून येतो. नाशिकची काही माणसं अशा डोंगरातल्या शाळांना पत्रे देतात, ते मी आणतो.

लोक हसले. पण भिका त्या दिवशी घरी येऊन चुलीपाशी बसला आणि मला म्हणला, "वैनी, मोठ्यांना किती वेळा बसवलं समेटाला? जेवले, उठले, परत तेच. पोरं एका चटईवर बसली तर उद्या दगड उचलताना हात थांबल का नाय? हा माझ्या वर्गातला, म्हणून?"

मी म्हणलं, "आणि नाय थांबला तर?"

"तर नाय. पण लखनच्या वेळेला थांबायला कायबी कारण नव्हतं कुणाला."

मग हा एकटा खिंड उतरून बोरपाड्यात गेला. चिमाजीच्या दारात. आमचा जीव टांगलेला. म्हाताऱ्या तुळसा मावशीनं तर म्हणलं, "गेला बघ, लेकाच्या मारेकऱ्याच्या घरी च्या प्यायला." च्या कुणी दिला नाय त्याला. पण इर्जिक ठरली. दोन्ही पाड्यांनी घरटी एक लाकूड आणायचं, एक माणूस द्यायचा, आणि पावसाच्या आत छप्पर उभं करायचं.

लोक आले की. मान खाली घालून आले, पण आले. आपले एका अंगाला, ते दुसऱ्या अंगाला. बोरपाड्याचा एक म्हातारा म्हणला, "करंजपाड्याच्या काठ्या वाकड्या, माणसांसारख्याच." आपल्यातला म्हणला, "म्हणून तर तुमच्या चोरवाटेला बरोबर बसतात." आणि दोन्हीकडचे थोडं हसले. मी भाकरी घेऊन गेले व्हते, मी माझ्या कानानं ऐकलं. मला वाटलं, झालं. देव पावला.

मधली मेढ, म्हंजी मधला खांब, भिकाच्या घराकडून यायची व्हती. सगळा भार तिच्यावर. आणि त्यानं काय आणावं? लखनचा सोट.

कुणाला विचारलं नाय. मलाबी नाय, गोजराला तर नायच. सकाळी लोक यायच्या आत त्यानं तो खड्ड्यात उभा केला, चंद्र-सूर्य आतल्या अंगाला, जिथं पोरं बसणार तिकडं तोंड करून. त्याच्या मनात वाईट काय नव्हतं. त्याला वाटलं, लखनला शाळा मिळाली नाय, आता पोरांत उभा राहील. आपल्याला, बापाच्या मनाला, बरं वाटलं, म्हंजी सगळ्यांना बरं वाटेल, असं त्याला वाटलं.

आधी कुणी बघितलं नाय नीट, चढवाचढवीत व्हते. आडवी लाकडं बसली, पत्रे चढले. मग बोरपाड्याच्या एका बाईची नजर वर गेली. तिनं चंद्र-सूर्य ओळखले, दुसरीला दाखवले. कुदळी, कोयते उचलले आणि बोरपाड्याचे सगळे चालू लागले. मास्तर विचारतोय, काय झालं, काय झालं. तो चांदवडचा, त्याला तो नक्षीचा खांब वाटला.

आठवडाभर आपलीच पोरं बसली. बोरपाड्याचं एकबी नाय. मग चिमाजी शिवेवर आला. खाली बसला नाय, उभाच राहिला. मी लाकडं घेऊन येत व्हते, मी थांबले.

"भिकादादा," तो म्हणला, "तू घरी आलास, मी लाकूड दिलं. माझी पोरगी तृप्ती रोज विचारते, शाळा कवा. पण माझ्या पोरीला मी तुझ्या पोराच्या नजरेखाली बसवू का?"

"नजर नाय रे चिमाजी. सावली हाय ती."

"तुला सावली. मला नजरच."

दगड कुणाचा ते तेवढ्यात कळलं सगळं. भिकालाबी कळलं. इतक्या दिवसांत कुणी जे बोललं नव्हतं, ते चिमाजीनं न बोलता सांगितलं. भिकाच्या हातात कोयता व्हता. मी बघत व्हते त्या हाताकडं. त्यानं कोयता कमरेच्या आकडीला लावला आणि म्हणला, "तुझ्याकडं ऐनाचं लाकूड हाय का, मेढीला चालेल असं?"

"हाय."

"उद्या घेऊन ये. माझ्या एकट्यानं छप्पर उचलणार नाय."

घरी गोजरानं आकांत केला नाय, तेच लय वाईट. कांदा चिरत व्हती. म्हणली, "माझ्या लेकाचा खांब मला न विचारता नेला, आता त्या माणसाला विचारून काढतोस." मी मधी बोलायला गेले तर मला म्हणली, "बाई, तुमची पोरं जिवंत हायती. तुम्ही बोलू नका." खरंच व्हतं. मी उठून आले.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून ते केलं. छपराला टेकू दिले, सागाचा सोट काढला, ऐनाचा बसवला. एकमेकांशी बोलणं फक्त "धर", "सोड", "थोडं इकडं". सोट बाहेर मोहाखाली आडवा ठेवला.

मग भिका भगताकडं गेला, आता हा गावदेवापाशी रोवतो म्हणून. भगत म्हणला, "ह्यानं छप्पर तोललं. हा घराचा झाला. घराचा खांब वीराचा व्हत नाय."

भिका लय हातापाया पडला. दुसरं लाकूड घे म्हणला भगत. कुठून घ्यायचं? जंगलात सागाला हात लावला तर जंगलखातं धरतं, आणि विकतचं लाकूड लावायला त्याचं मन हुईना. लखनचं लाकूड ते एकच, सासऱ्याच्या घरचं. म्हंजी पोरगं वाऱ्यावर ते वाऱ्यावरच राहिलं.

बोरपाड्याची पोरं मात्र आली. तृप्ती पहिली. मोहाखालचा सोट आयता पडलेला, तर पोरं डबा खायला त्याच्यावर बसायला लागली, आपलीबी आणि तिकडलीबी. भिका लांबून बघायचा. हाकलायचा नाय, जवळबी जायचा नाय.

पुढं काय सांगू. दिवाळी झाली की शाळा ओस पडते, निम्मी पोरं आईबापासंगं पिंपळगावला. तूबी त्यातलीच. मास्तर दोन-चार पोरं घेऊन बसतो. पत्रे वाऱ्यानं उचकटले, ते भिकाच नीट करायचा. मग त्याला खोकला लागला. मागल्या थंडीत, पाडा रिकामा असताना, तो गेला. खांदा द्यायला माणसं कमी पडली. चिमाजी आला. गोजरानं त्याच्याकडं बघितलं नाय, पण जा म्हणलीबी नाय.

भिकाचं कार्य करा म्हणलं लोकांनी, तर ती म्हणली, आधी लेकाला जागा द्या, मग बापाला. दोघांनाबी नाय मिळाली.

यंदा चैतात मोहाखाली परत बोलाचाली झाली. आवाज चढले. मी तिथं व्हते. पण दगडाला कुणी वाकलं नाय. शाळेमुळं, का लखनच्या आठवणीनं, का नुसते थकले म्हणून, ते देवाला ठाऊक. मी भिकाला सांगायला घरी वळले आणि मग ध्यानात आलं.

अखजीच्या सणाला पितरांना पाणी घालायचं, तर गोजरा गावदेवापाशी कुणापुढं घालणार. ती तांब्या घेऊन खिंडीत आली. मी तिच्यासंगं. सुटी व्हती तरी पोरं सोटावर बसून खेळत व्हती, तृप्तीबी व्हती. आम्हाला बघून उठायला लागली. गोजरा म्हणली, "बसा. थोडं सरका."

पोरं सरकली. गोजरानं हात फिरवून बघितलं. घोडा हाय अजून, पण वरचे चंद्र-सूर्य पोरांच्या बसण्यानं गुळगुळीत झाले. तिनं तिथंच पाणी ओतलं, मोकळ्या झालेल्या तेवढ्या जागेवर. लाकूड भिजलं, पोरांचे कपडेबी भिजले थोडे.

"वाळलं की परत बसा," ती म्हणली, आणि मोकळा तांब्या घेऊन घराकडं निघाली.