नाडकर्णीबाईंचं निदान

सन १९९८. माझं वय सदुसष्ट. त्या साली मी एका बाईच्या दुकानात तोंड बंद करून ऐकायला शिकलो.

डोंबिवली पूर्वेला, पिठाच्या गिरणीशेजारच्या गाळ्यात नाडकर्णीबाई कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या. गिऱ्हाईक आलं की आधी हातातल्या बांगड्या काढून खिळ्याला अडकवायच्या, मग विचारायच्या, "शेवटचं बरं कधी होतं?" बिघडलं कधी, हे कधीच विचारायच्या नाहीत. एकदा एक वकील चपला काढता काढताच सांगायला लागला, की मदरबोर्ड गेलाय, तो बदला. बाई म्हणाल्या, "निदान तुम्ही केलंत तर औषधही तुम्हीच द्या. मला फक्त शेवटचं बरं कधी होतं ते सांगा." बिचारा स्टुलावर बसला आणि आठवायला लागला.

बाई पूर्वी ठाण्याच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्त करायच्या. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा त्यांनी हा गाळा घेतला. आता त्या नाहीत. मशीनचं दुखणं आवाजावरून ओळखणारी बाई स्वतःची कावीळ मात्र अंगावर काढत राहिली. गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात. मी तिथून जात नाही. पायही थकलेत, आणि मनही होत नाही.

मी ठाकुर्लीचा. खाडीत जाळं टाकणारं आमचं घर, शाळा चौथीपर्यंत. खंडेनवमीला आमच्याकडे जाळ्यांची, वल्ह्यांची पूजा व्हायची. खाडीतली मासळी गेली, जाळी गेली, आणि त्या वर्षी पाटावर ठेवायला कोयत्याशिवाय काही उरलं नव्हतं. सून वैशालीने माझ्या मुलाचा, मोहनचा लॅपटॉप आणून ठेवला. कंपनीने दिलेला. "बाबा, आता घर यावरच चालतं ना," म्हणाली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मोहननेही हात जोडले.

दिवाळीच्या आत लॅपटॉप मधेच अडकायला लागला. मग आतून टक टक यायला लागलं, आणि एक दिवस सुरूच झाला नाही. मोहनची सगळी कामं त्यात.

"तुझं कुंकू गेलंय आत," मोहन म्हणाला.

"चिमूटभर तर वाहिलं होतं."

"विष पण चिमूटभरच लागतं. माझी नोकरी गेली ना, तर तू बापाकडेच बस."

ती भांडली नाही. दुपारी पिशवी भरून कल्याणला माहेरी गेली. मुलगा कर्ता, म्हणून मी मधे पडलो नाही.

आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी तो चालू केला, कान लावला आणि लगेच बंद केला.

"हा सारखा चालू-बंद करत होतात का?"

"करत होतो. वाटलं, लागेल कधीतरी."

"आजारी माणसाला उठाबशा काढायला लावल्यात."

मागचं झाकण उघडून त्यांनी चुन्याच्या डबीएवढी डिस्क बाहेर काढली. तिच्या जागी स्वतःकडची चांगली डिस्क लावली, तर पडदा उजळला. "मशीन धडधाकट आहे. डिस्क गेलीय."

"कुंकवाने ना?" मोहनने विचारलं.

बाईंनी ब्रशने बटणांमधलं कुंकू कागदावर झाडलं. "हे सगळं वरच बसलंय. डिस्क बंद असते, आत शिरायला त्याला वाट नाही." मग लॅपटॉप उलटा करून चेपलेला कोपरा दाखवला. डिस्क धरणारी पट्टीही त्याच बाजूला वाकली होती. "हा मार आहे. एकदाचा नाही, रोजचा. बॅग कुठे असते?"

मोहन खाली बघत म्हणाला, "स्कूटरच्या हुकाला."

"म्हणजे रस्त्यातला एकेक खड्डा यानेच खाल्ला."

जुनी डिस्क त्यांनी आपल्या कॉम्प्युटरला जोडली. थोड्या फायली उतरवून घ्यायच्या, तिला गार होऊ द्यायचं, पुन्हा थोड्या, असं चाललं होतं. आम्ही दोन दिवसांनी परत गेलो तेव्हा नवी डिस्क बसली होती. काही फायली गेल्या, कामाच्या बहुतेक वाचल्या. मोहन स्कूटर काढायला बाहेर गेला तसा मी पुढे वाकलो.

"बाई, घरून कोणी विचारलं तर सांगा, डिस्क जुनी झाली होती. पोराचं नाक राहील, सुनेवरही काही येणार नाही."

"काका, मी डिस्क बदलून दिली. कारण बदलून देत नाही."

"माझं वय तरी बघा."

"बघितलं, म्हणून काका म्हणते. निदान वय बघून ठरत नाही."

मला राग आला. निरोप न घेता उठलो.

घरी मोहनने लॅपटॉप लावला आणि म्हणाला, "मस्त चालतोय." वैशालीचं नाव नाही.

"सुनेला आणायला कधी जातोस?"

"येईल तिची ती."

"कुंकवाचा डाग घेऊन?"

तो एकेक फाइल उघडून बघायला लागला. मी जेवलो नाही. सत्तरीला टेकलेला माणूस, घरात असा अबोला सोसायचं त्राण राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपी घातली आणि कल्याणला गेलो. बोलावल्याशिवाय व्याह्यांचा उंबरा मी कधी ओलांडला नव्हता. वैशाली दारात आली, मागे तिचे वडील. त्यांच्यासमोरच सांगितलं, "पोरी, तुझ्या कुंकवाने काही झालं नाही. मोहनने लॅपटॉप स्कूटरला लटकवून खड्ड्यांत आपटला. दुरुस्तीवाल्या बाईंच्या दुकानात बसून मी ऐकून आलोय. पिशवी घे, चल."