बोंडूचं सर्टिफिकेट

‘‘याचा पारा कोणी बंद केला?’’ मोठ्या डॉक्टरांनी केसपेपर माझ्यापुढे धरला.

‘‘मी.’’

‘‘कोणाला विचारून?’’

‘‘याच्या हिरड्यांना.’’

उद्धटपणाच होता. पण माझं वय तेव्हा सत्तावीस होतं आणि माझं बरोबर होतं. एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. रत्नागिरीत बंदराजवळच्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात मी असिस्टंट होतो. मोठे डॉक्टर मुंबईत शिकलेले, हुशार. फक्त एकदा लिहिलेलं निदान त्यांना खोडवत नसे.

पेशंट होता पूर्णगडचा धोंडू, आगबोटीवरचा खलाशी. आठ महिन्यांच्या सफरीवरून आला तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होतं, दात हलत होते, पायांवर काळेनिळे डाग होते. मोठ्या डॉक्टरांनी ‘खलाशी’ एवढंच ऐकलं आणि निदान केलं: परदेशी बंदरातून आणलेली गरमी. म्हणजे बाईच्या संगतीने होणारा रोग. त्यावर तेव्हा पारा देत. पाऱ्यानेही हिरड्या सुजतात आणि रक्त येतं. त्यामुळे धोंडूचं दुखणं रोज वाढतच चाललं.

बातमी गावात पोचली होती. त्याची बायको गंगा पेज घेऊन यायची, खाटेजवळ ठेवायची आणि तोंड फिरवून बसायची. तिचा भाऊ तिला कायमची माहेरी न्यायला निघाला होता. धोंडू शपथा घेत होता, पण केसपेपरपुढे त्याच्या शपथांना कोण विचारतो?

मी त्याला एक साधा प्रश्न विचारला. ‘‘बोटीवर खायला काय होतं?’’

‘‘भात, डाळ, सुकी मासळी. पयले दोन म्हयने बटाटे व्हते.’’

‘‘फळं? लिंबू?’’

‘‘बगूकसुदा नाय.’’

याला स्कर्व्ही म्हणतात. ताजी फळं-भाजी कित्येक महिने पोटात गेली नाही की अंगातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. औषध म्हणजे फळंच. मी त्याच्या डाएट शीटवर, म्हणजे पेशंटला काय खायला द्यायचं त्या तक्त्यावर, ‘फ्रूट’ लिहिलं. मोठ्या डॉक्टरांनी ते खोडलं.

‘‘आपल्याकडे फ्रूट म्हणजे ॲपल. ती मुंबईहून येतात, स्पेशल रूमसाठी. खलाशाला ॲपल?’’

‘‘ॲपल नकोच. फळ चांगलं आहे, पण या कामाला लिंबू, पेरू, आवळा त्याच्या पुढे. आणि काजूचे बोंडू तर आपल्या कुंपणाबाहेर कुजतायत.’’

‘‘बोंडू गुरं खातात.’’

‘‘गुरांच्या हिरड्या बघितल्यात कधी?’’

ते निघून गेले. मी त्याच दिवशी पारा बंद केला.

दिवस चैत्राचे होते. आमच्याकडे काजू म्हणजे बी. ती पिरगळून काढायची आणि बोंडू, म्हणजे तिच्यावरचं रसाळ फळ, फेकायचा, कारण तो घशाला खवखवतो. मीठ लावून ठेवला की खवखव बरीच कमी होते. गंगेला मी बोंडू आणायला सांगितले तेव्हा ती प्रथमच माझ्याकडे वळून बोलली. ‘‘डाक्टर, आजाऱ्याला आंबाट? पथ्याला आंबाट चालत नाय.’’

‘‘बाय, काही झालं तर चारचौघांत माझं नाव सांग.’’

दुसऱ्या दिवशी ती टोपली भरून घेऊन आली. चौथ्या दिवशी रक्त थांबत आलं. दुसऱ्या आठवड्यात धोंडू भाकरी चावायला लागला, आणि तेव्हाच राउंडला मोठ्या डॉक्टरांनी तो केसपेपर माझ्यापुढे धरला.

त्यांनी धोंडूच्या तोंडात बराच वेळ पाहिलं. ‘‘पाऱ्याचा गुण उशिरा आला म्हणायचा.’’

‘‘दहा दिवस पारा दिलेलाच नाही. कंपाउंडरला विचारा. निदान बदला, सर.’’

कंपाउंडरने मान डोलावली. अखेर साहेबांनी जुन्या शब्दावर रेघ मारून बारीक अक्षरात ‘स्कर्व्ही’ लिहिलं. मला वाटलं, जिंकलो.

गंगेने विचारलं, ‘‘मराटीत काय म्हनतात ह्याला?’’

तिला कळेल असा शब्दच माझ्याकडे नव्हता.

‘‘मग गाव म्हनंल, गरमीलाच इंग्रजीत असा म्हनतात. मी भावाला काय सांगू?’’

तिचं खरं होतं. मला माझीच लाज वाटली. मी दवाखान्याचा छापील कागद घेतला आणि मराठीत लिहिलं: ‘धोंडू यास बोटीवर फळे न मिळाल्याने हिरड्यांचा आजार झाला. तो बाईपासून होत नाही व बायकोस लागत नाही. बोंडू व लिंबू खाऊन बरा झाला.’ सही केली, शिक्का मारला.

सर्टिफिकेट द्यायचा अधिकार फक्त मोठ्या डॉक्टरांना होता, तेही इंग्रजीत. ते धावतच आले. ‘‘फाडा ते.’’

‘‘नाही फाडणार. त्यात खोटं काय आहे ते दाखवा, नाहीतर मला काढून टाका.’’

त्यांना खोटं सापडलं नाही. मला त्यांनी लेखी ताकीद दिली. ती मी अजून जपून ठेवली आहे.

कागद पूर्णगडच्या देवळात वाचला गेला. दोन्ही घरांत मिळून वाचता येणारा एकटा गंगेचा भाऊच. त्यालाच तो मोठ्याने वाचावा लागला. गंगा माहेरी गेली नाही.

पुढच्या चैत्रात पूर्णगडहून एक म्हातारा आला. तोंड उघडून रक्ताळलेल्या हिरड्या दाखवल्या आणि म्हणाला, ‘‘डाक्टर, मला बोंडूचा आजार झालाय.’’ गावाने नाव ठेवून टाकलं होतं. रोगाला औषधाचंच नाव, शास्त्राच्या दृष्टीने साफ चूक. केसपेपरवर मी तेच लिहिलं.