पयले लाकूड, मंग लोखंड

नवा प्रोग्राम आला की आमचा मिस्त्री जुन्या बनियनच्या चिंधीने दोन्ही हात पुसायचा आणि म्हणायचा, "पयले लाकूड, मंग लोखंड." मग मशीनमागच्या ढिगातून सागवानाचा एक ठोकळा उचलायचा. गिऱ्हाईक दारात उभं असो की शेठ कपाळाला हात लावून बसलेले असोत, ठोकळा कापून पाहिल्याशिवाय तो लोखंड मशीनवर चढवायचा नाही.

चंद्रपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना होता. खाणी आणि सिमेंट कारखान्यांच्या यंत्रांचे सुटे भाग आम्ही करायचो. सीएनसी मिलिंग मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर लोखंड कोरणारं मशीन, आमच्याकडे एकच होतं. त्याचे प्रोग्राम मी लिहायचो आणि मिस्त्री ते चालवायचा. तो मूळचा पोंभुर्ण्याकडचा. घरची सगळी माणसं तळ्यावर मासे धरणारी, हा एकटाच लोखंडाच्या नादी लागलेला. शाळा सातवीपर्यंतची, पण मायक्रोमीटर हातात घेतला की आम्हा डिप्लोमावाल्यांची तोंडं बंद व्हायची.

लाकडाचा भुसा मशीनमध्ये जातो म्हणून शेठ कुरकुरायचे. मिस्त्री रंगाचा ब्रश घेऊन तासभर मशीन झाडत बसायचा, पण लाकूड सोडायचा नाही. सागाचे तुकडे तो आरागिरणीतून स्वतः निवडून आणायचा. आंबा चालत नसे, त्याचे तंतू निघतात म्हणे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, आपण चुकलो तरी जी रागावत नाहीत. आपल्याला त्याचाच जास्त त्रास होतो. माझ्या प्रोग्राममध्ये चूक निघाली की हा बिघडलेला ठोकळा आणून माझ्या टेबलावर ठेवायचा. "हे पाहा. सागवान मेलं, तुमी वाचले." एवढं बोलून चहा प्यायला निघून जायचा. माझ्या घरी असे इतके ठोकळे जमले होते की आईने त्यांचे दोन पाट करून घेतले.

मग ते झाकणाचं काम आलं. खाणीतल्या पंपाचं मोठं झाकण. लाकडाचा ठोकळा लहान, म्हणून मापं लहान करून तो वाईसमध्ये, म्हणजे मशीनवरच्या पकडीत, धरून कापला, सगळं बरोबर निघालं. लोखंडाचं झाकण मात्र वाईसमध्ये मावणारं नव्हतं. ते वरून चार क्लॅम्प लावून आवळलं. कापणारं टूल फिरत फिरत झाकणाच्या एका कोपऱ्यात आलं आणि ते धरणारा होल्डर क्लॅम्पच्या बोल्टवर जाऊन आदळला. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. टूल फिरवणारा मुख्य दांडा, स्पिंडल, गेला, मशीन कितीतरी दिवस बंद पडलं.

मिस्त्रीला कोणीच काही बोललं नाही. तोच बोलला. "प्रोग्राम बरोबर होता. बोल्ट माहाच होता." सगळ्या कामांना चालावा म्हणून लांब ठेवलेला तो बोल्ट त्यानेच घडवला होता. लाकडाच्या वेळी हा बोल्ट मशीनवर नव्हताच.

त्यानंतर शेठच्या डोक्यात सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर शिरलं. लोखंडाला हात लावण्याआधी सगळं मशीन पडद्यावर चालवून दाखवणारं, आणि आमच्यासारख्या कारखान्याला चांगलंच महाग. मला ते हवं होतं, खोटं कशाला बोलू? पण शेठनी निकाल मिस्त्रीवर सोपवला. "तुम्ही हो म्हटलं तर घेतो," ते म्हणाले, आणि पुढचंही लपवलं नाही. सॉफ्टवेअर आलं तर लाकूड बंद होणार, मशीनवर काम बांधून ते चालवणारा एखादा नवा सेटर येणार आणि मिस्त्रीला रिटायर होईपर्यंत जुन्या, हाताने चालवायच्या लेथवर बसावं लागणार होतं. स्वतःच्या जागेचा निकाल त्यालाच द्यायचा होता. मला ते फार क्रूर वाटलं होतं, पण मी गप्प बसलो.

नागपूरहून सॉफ्टवेअर विकणारे एक साहेब आले. मिस्त्रीने त्यांना तोच झाकणाचा प्रोग्राम लावायला सांगितला. पडद्यावर टूल गुळगुळीत फिरलं, झाकण सुरेख कापलं गेलं, कुठे काही अडलं नाही. साहेब खूश झाले.

"क्लॅम्प कुठी हायेत?" मिस्त्रीने विचारलं.

"ते काढलेले नाहीत. नुसता जॉब, म्हणजे झाकण, घेतला आहे."

शेठ हसायला लागले. "म्हणजे याला आपल्या लाकडाएवढीच अक्कल आहे." लेथवरचे कामगारही हसले. मिस्त्रीने नुसती मान हलवली असती तरी विषय तिथेच मिटला असता आणि त्याची जागाही राहिली असती.

तो म्हणाला, "शेठ, आठ दिवस द्या. याले आपुन पुरतं सांगतलंच नाई, तर नापास काऊन करायचं?"

ते आठ दिवस त्याने मला मान वर करू दिली नाही. झाकणाच्या कामातला प्रत्येक क्लॅम्प, प्रत्येक बोल्ट, होल्डर, वाईस, सगळं तो मोजायचा, मी कॉम्प्युटरवर काढायचो. मी एकदा कंटाळून म्हटलं, "भाऊ, अंदाजाने टाकू ना."

"अंदाजानंच तर ठोकलं ना आपुन."

आठव्या दिवशी प्रोग्राम पुन्हा लावला. टूल त्या कोपऱ्यात आलं आणि पडदा लाल झाला. ज्या बोल्टवर, ज्या बाजूने होल्डर आदळला होता, नेमका तिथेच. मिस्त्रीने चिंधीने दोन्ही हात पुसले. मग शेठकडे वळून म्हणाला, "घेऊन टाका. माह्या लाकडानं नाई दाखवलं ते यानं दाखवलं." त्याचा आवाज जरासाही हलला नाही. माझे मात्र डोळे भरले, आणि हवं ते मिळूनही मला आनंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने आपली पेटी उपडी केली. इतक्या वर्षांत स्वतः घडवलेले क्लॅम्प आणि बोल्ट, एकासारखा दुसरा नाही. कॉम्प्युटरमध्ये घेतलेला तेवढा एक संच बाजूला ठेवला आणि बाकीचे हॅक्सॉने एकेक करून कापून भंगारात टाकले. मी अडवायला गेलो तर म्हणाला, "एक बी राह्यला तर कोनी तरी लावल. मंग पडदा खोटा पडल." त्या संध्याकाळपासून तो लेथवर गेला, दोन वर्षांनी रिटायर झाला आणि गावी गेल्यावर फार जगलाही नाही.

तो वारला त्याच वर्षाची गोष्ट. एक अवघड काम आलं होतं. मी प्रोग्राम पडद्यावर चालवला आणि शेवटच्या कोपऱ्यात पडदा लाल झाला. नव्या सेटरने वाकून पाहिलं, क्लॅम्प मशीनच्या टेबलावरच्या दुसऱ्या भोकात घेतला, मी पडद्यावरचाही तिकडे सरकवला आणि पुन्हा चालवून पाहिलं. मग त्याने बटण दाबलं. लोखंड शांतपणे कापलं जाऊ लागलं. एक मोठा अपघात टळला होता आणि कारखान्यात कोणी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

मी मागे, मिस्त्रीच्या जुन्या लेथकडे वळून म्हणालो, "पाहा भाऊ, वाचलो."

"कोनाले म्हनून राह्यले साहेब?" सेटरने विचारलं.