मोजणीबाई आणि सव्वाशे मीटर

रत्नमाला हिवराळे यांचा आकडा चुकला, असं म्हणणारा माणूस फुलंब्री तालुक्यात अजून जन्माला यायचाय. हे बाईंचं स्वतःचं मत; पण खरं सांगायचं तर तालुक्याचंही तेच होतं. तीस वर्षं त्यांनी सरकारी नोकरीत जमिनी मोजल्या. बांधाच्या दोन बाजूंना दोन भाऊ काठ्या घेऊन उभे असायचे आणि मधोमध बाई पदर खोचून, नकाशा गुडघ्यावर पसरून बसलेल्या. मोजणी झाली की दगड रोवायच्या आणि सांगायच्या, "हद्द इथं आहे. पटत नसेल तर अपील करा. पण दगडाला हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे." लोक त्यांना मोजणीबाई म्हणूनच ओळखायचे.

त्या आकड्याच्या दुसऱ्या टोकाला करमाडचे मोतीराम साळवे असायचे. बाईंच्या हाताखाली बावीस वर्षं त्यांनी मोजणीची साखळी ओढली. काट्यातून, चिखलातून साखळी न्यायची, ताणून धरायची आणि ओरडायचं, "ताण हाय, बाई!" मग बाई आकडा लिहायच्या. नकाशाखाली सही मोजणाऱ्याची असते, साखळीवाल्याचं नाव कुठंच नसतं. मोतीरामभाऊंनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. त्यांचा हट्ट एकच होता. कचेरीच्या व्हरांड्यात, फरशीत नेमक्या साखळीच्या अंतरावर दोन पितळी खिळे ठोकलेले होते. रोज निघण्याआधी साखळी त्या खिळ्यांना लावून तपासल्याशिवाय हा माणूस पायरी उतरायचा नाही. बाहेर जीप हॉर्न वाजवायची, साहेब डाफरायचे आणि हे आपले म्हणायचे, "आदी साखळी तपासा, मंग शेत."

दोघं निवृत्त झाले आणि पायांना चैन पडेना. तेव्हा बाईंच्या लेकीनं, तनुजानं, पुण्याहून हातात मावणारं एक जीपीएस यंत्र पाठवलं आणि एक खेळ शिकवला. खेळ साधा. कुणीतरी डोंगरात एक छोटा डबा लपवतं, आत वही ठेवतं आणि जागेचे आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश, वेबसाइटवर टाकतं. बाकीच्यांनी यंत्रातल्या बाणामागं जाऊन डबा हुडकायचा, वहीत सही करायची आणि डबा होता तिथं ठेवून यायचं. बक्षीस शून्य. भाऊंच्या पत्नी गोजरबाई म्हणाल्या, "सापडलेला डबा परत तिथंच ठिवायचा? मंग हुडकायचा कशाला?"  पण चार वर्षांत पार नाशिकपर्यंत जाऊन त्यांनी तेवीस डबे हुडकले.

मग भाऊंना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही. भाऊ आठ दिवस घरात बसले आणि नवव्या दिवशी शहरात सिडकोत बाईंच्या दारात उभे राहिले.

"जय भीम, बाई. मशीन द्या. आतापस्तोर लोकांचे डबे हुडकले. डोळे हायत तवर एक डबा माज्या हातानं ठिवतो. एकलाच जातो."

बाईंनी यंत्र दिलं. कन्नडच्या घाटाच्या अलीकडं, जंगलखात्याच्या हद्दीबाहेर, कड्याखालच्या एका माळावर भाऊंनी खडकाच्या कपारीत डबा ठेवला. यंत्र डोळ्यांजवळ धरून आकडे तीनदा वाचले आणि कागदावर उतरवून आणले. येताना यंत्र हातातून निसटलं, सेलचं झाकण तुटलं. बाईंनी ते कपाटात टाकलं आणि आकडे वेबसाइटवर चढवले. जागेची खूणही दिली: करवंदीच्या जाळीमागं, कंबरेइतक्या उंचीवर कपार.

आणि डबा कुणालाच सापडेना! चार महिन्यांत पाच जण जाऊन हात हलवत आले. बाई स्वतः दोनदा गेल्या. यंत्र तुटलेलं, म्हणून मोबाइल घेऊन गेल्या. कड्याखाली त्याचा बाण भोवऱ्यागत गरगरायचा, आणि करवंदीच्या जाळ्या म्हणाल तर सगळा माळ करवंदीचाच. शेवटी एका शहाण्यानं वेबसाइटवर लिहिलं, "बाबांनी डबा बहुतेक एसटीतच विसरला." वर हसरा चेहरा. त्यापाठोपाठ वेबसाइटची सूचना आली: महिनाभरात डबा जागेवर आहे याची खात्री करा, नाहीतर नोंद काढून टाकू.

हे सगळं भाऊंना कुणीतरी वाचून दाखवलं. त्यानंतर त्यांनी अंगणाबाहेर पाऊल टाकणं सोडलं. बाई करमाडला गेल्या तर भिंतीला टेकून बसलेले.

"काडून टाका बाई तो डबा. नजरच गेली मपली. एकाचं सात वाचलं असंन."

 डबा गेला तर गेला, पण हा माणूस स्वतःच्या बावीस वर्षांवरचा भरवसा घालवून बसला होता. आणि कुणाची काळजी वाटली की बाईंचा आवाज चढतो, ही त्यांची जुनी खोड.

"बावीस वर्षं चुकला नाहीत ते आता चुकाल? मशीन चुकलं! जुनाट डबडं ते. नवं घेते, आणि महिन्याच्या आत तुमचा हात तुमच्या डब्यावर नेऊन ठेवते. उठा, चला माझ्याबरोबर दुकानात!"

"नाचता येईना, अंगण वाकडं," गोजरबाई चुलीपाशी पुटपुटल्या. बाईंनी ऐकलं, पण चहा चांगला झाला होता म्हणून सोडून दिलं.

शहरात ट्रेकिंगचं सामान विकणारं एक दुकान आहे. तिथल्या प्रणयनं काचेवर दोन यंत्रं मांडली. "काकू, हे घ्या. टचस्क्रीन, रंगीत नकाशे, फोटोपण निघतो. एकदम कडक पीस! दुसरं हे बटणांचं. चांगलं आहे, पण जरा जुन्या लोकांचं."

"मग मी काय कॉलेजात जाते का रे?" बाई म्हणाल्या आणि प्रश्नांची फैर सुरू झाली. कड्याखाली उपग्रह किती धरतं? उन्हात आकडे दिसतात का? माळावर सेल संपले तर साधे सेल चालतात, की वीज शोधत गावात यायचं? घामेजल्या बोटांनी काच ऐकते का? प्रणयला घाम फुटला. चौथ्या प्रश्नाला तो माहितीपत्रक उघडून बसला.

तोवर भाऊंनी दोन्ही यंत्रं हातात घेऊन चाचपली. काचेचं लगेच खाली ठेवलं. "ह्यो तर आरसा हाय बाई. बोटाला काईच लागंना." बटणांचं मात्र बराच वेळ हातात राहिलं. "ह्ये वर. ह्ये खाली. ह्ये मोठं म्हंजी पक्कं करायचं." बोटांनी यंत्र वाचून काढलं. बाई ते बघत होत्या.

"पण आदी साखळी तपासा," भाऊ म्हणाले.

"म्हणजे काय?" प्रणयनं विचारलं.

"म्हणजे दोन्ही यंत्रं घे आणि मैदानात चल," बाई म्हणाल्या.

"काकू, माल असा बाहेर नेत नाही आम्ही."

"मग मी बाहेर जाते, आणि परत येत नाही."

प्रणय दोन्ही यंत्रं घेऊन निघाला. मागच्या मैदानात झेंड्याचा कट्टा होता, वर मोकळं आभाळ. बाईंनी दोन्ही नवी यंत्रं कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवली आणि पिशवीतून जुनंही काढलं. झाकण रबरबँडनं बांधून आणलं होतं. साखळी तपासायची तर सगळ्याच तपासायच्या, हा कचेरीचा शिरस्ता. अर्धा तास तिन्ही यंत्रांना हात लावायचा नाही, असं बजावून त्या भाऊंशेजारी बसल्या.

अर्ध्या तासानं आकडे वाचले. दोन्ही नवी यंत्रं एकमेकांशी जुळत होती, दोन-तीन पावलांचा काय तो फरक. जुनं मात्र भलतंच बोलत होतं. बाईंनी तोंडी हिशेब केला. सव्वाशे मीटर!

"बघा काकू, म्हणत नव्हतो? गेलं ते. भंगार!" प्रणय खुश झाला.

 बाईंनी पाच मिनिटांनी परत वाचलं, दहा मिनिटांनी परत वाचलं. आकडा तोच. बिघडलेलं यंत्र डगमगतं. आत्ता एक सांगेल, मग दुसरं. हे डगमगत नव्हतं. दर वेळी तेवढंच, त्याच दिशेला चुकत होतं. अशी चूक यंत्राची नसते, लावणाऱ्याची असते. हे त्यांनी स्वतः नव्या पोरांना शिकवलं होतं. त्यांनी जुन्या यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं आणि कानशिलं तापली.

भाऊ यंत्र न्यायला आले त्याच्या आदल्या आठवड्यात फुलंब्रीचा एक नातेवाईक जुना सरकारी नकाशा घेऊन आला होता. त्यातली विहीर हुडकायची होती. जुन्या नकाशांनी पृथ्वी एका मापानं धरलेली, उपग्रह धरतात दुसऱ्या. नकाशाशी जुळावं म्हणून बाईंनी यंत्र जुन्या मापावर लावलं. विहीर सापडली, चहा झाला, माप तसंच राहिलं; आणि वेबसाइट धरते उपग्रहाचं माप. काखेत कळसा आणि गावाला वळसा! चार महिने चोर त्यांच्याच कपाटात बसला होता.

"यंत्र बिघडलं होतं," एवढं म्हटलं की सुटका होती. साक्षीला प्रणय होता. भाऊंवरचा बट्टा पुसला जात होता आणि तीस वर्षांचा आकडाही शाबूत राहत होता. वाक्य अगदी जिभेवर आलं. पण भाऊ हनुवटी वर करून, कान देऊन बसले होते. शेताच्या पलीकडच्या टोकाला साखळी ताणून आकड्याची वाट बघायचे, अगदी तसे.

"मोतीरामभाऊ," बाई म्हणाल्या, "चूक माझी आहे."

आणि सगळं सांगून टाकलं.  शेवटी भाऊ म्हणाले, "म्हंजी निजामाच्या बिघ्यात मोजलं आन एकरात लिवलं."

"तसंच."

"मंग म्या वाचलेला आकडा?"

"एकूण एक बरोबर."

भाऊंनी उपरण्यानं डोळे पुसले, नाकही पुसलं. "तरी म्हनलं," ते म्हणाले. तेवढंच. पण पाठ ताठ झाली होती.

"मग काकू, जुनंच घेऊन गेलात तर त्याच्या मापानं ते बरोबर डब्यावर नेईल की! नव्याची गरजच काय?" प्रणय बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. स्वतःचंच गिऱ्हाईक घालवणारा दुकानदार बाईंना भलताच आवडला.

"हुशार आहेस. पण मला माझ्यासाठी नकोच आहे. हे बटणांचं बांध. जागा जवळ आली की आवाज देतं ना?"

"देतं ना, बीप बीप."

"मग झालं."

त्या संध्याकाळी बाईंनी वेबसाइटवर सगळ्यांदेखत लिहिलं: "डबा जागेवर आहे. वाचणाऱ्यानं आकडे बरोबर वाचले. यंत्र मी चुकीच्या मापावर लावलं होतं. दुरुस्त आकडे खाली दिले आहेत. एसटीत काहीही विसरलेलं नाही. – रत्नमाला हिवराळे." लिहिताना जीव जड झाला होता. लिहून झाल्यावर भूक लागली.

रविवारी दोघं एसटीनं कन्नडकडं निघाले, पुढं जीपनं फाट्यापर्यंत गेले. गोजरबाईंनी भाकरी बांधून दिली होती आणि सोबत तंबी, "डबा नाय सापडला तर भाकरीचा तरी परत आना." माळावर चढताना भाऊंच्या एका हातात बाईंच्या पिशवीचा बंद होता, दुसऱ्यात नवं यंत्र. बाईंनी दोनदा पालथा घातलेला उतार डाव्या हाताला राहिला. वाट ओहोळ ओलांडून वायव्येला वळली. इतके दिवस सगळी दुनिया ओहोळाच्या चुकीच्या काठावर शोधत होती.

यंत्र वाजलं. भाऊ थांबले. "बाई, समोर करवंद हाय का?"

"आहे."

"मागं खडक?"

"आहे."

"मंग सरका बाजूला."

बाईंनी आधी काठी घालून कपार विंचवासाठी तपासली. मग भाऊंनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि डबा बाहेर काढला. धूळ बसली होती, पण झाकण घट्ट. एसटीतला डबा! बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की माळावरचे तितर उडाले.

आत वही कोरडी होती. पहिल्या पानावर भाऊंच्या वळणदार अक्षरात, डबा ठेवला त्या दिवशीची नोंद होती.

"मोजणी: रत्नमालाबाई. साखळी: मोतीराम."

बाई त्या दिवशी तिथं नव्हत्याच. एकटा माणूस अधू डोळ्यांनी चढून आला होता, आणि तरी त्यानं त्यांचं नाव आधी घातलं होतं. बाईंना समोरचं पान नीट दिसेना. त्यांनी चष्मा काढून पुसला, पेन घेतलं आणि त्या ओळीखाली लिहिलं.

"काय लिवलं बाई?" भाऊंनी विचारलं.

बाईंनी वाचून दाखवलं, "मोजणी: मोतीराम साळवे. साखळी: रत्नमाला."

 भाऊंनी वही आत घालून डबा कपारीत सारला, हात झटकले आणि पिशवीचा बंद धरला.

"मंग बाई," ते म्हणाले, "उतरताना ताण सोडू नका."