अस्वलाची ढेप

अस्वलाच्या शिकारीची तयारी करावी ती माझ्या दाजींनीच. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. कडेगावपासून चार कोसांवरच्या एका गावचे पाटील. शिकारी मी पुष्कळ पाहिले आहेत. कोणी ससे मारले, कोणी डुकरे मारली, आणि न मारलेल्या वाघांच्या हकिकती तर आमच्या साताऱ्यात वाटेल तितक्या ऐकायला मिळत. पण सात वर्षे, रोज, अंघोळीच्या नेमाने शिकारीची तयारी करणारा आणि त्या सात वर्षांत रानाच्या दिशेने एकही पाऊल न टाकणारा शिकारी मी हा एकच पाहिला. मी साताऱ्याला शाळामास्तर. सुटी लागली की आक्काकडे जायचो, आणि गाडीतून माझा पाय खाली टेकायच्या आत दाजी म्हणायचे, "मास्तर, यंदा अस्वल मारायचंच. काय म्हंता?" मी म्हणायचो, "मारा की." त्यावर ते एकदम गंभीर व्हायचे. "पर बंदूक पायजे न्हवं चांगली," असे म्हणून ते माझी पिशवी घेऊन घरात जायचे.

या वैराला कारण झाला गूळ. लढाई सुरू व्हायच्या आधी दाजी आणि त्यांचा लहानपणापासूनचा जोडीदार शिरपा गुळाची गाडी घेऊन चिपळूणकडे निघाले होते. घाट उतरायच्या आधी, हेळवाकच्या अलीकडे, मुक्काम पडला. उजाडल्यावर दोघे ओढ्यावर तोंड धुवायला गेले आणि परत येऊन बघतात तर बैल दावी तोडून पसार, आणि गाडीत एक काळेभोर अस्वल पंगतीला बसल्यासारखे बसलेले. दोघे जवळच्या जांभळीवर चढले. अस्वलाने सावकाश दोन ढेपा संपवल्या, तिसरी नुसती चाटून ठेवली, आणि जाताना शिरपाचे कोरे घोंगडे फरफटत घेऊन गेले. दाजींचे म्हणणे असे की, जाण्याआधी त्याने झाडाकडे वर पाहून ढेकर दिला. घोंगडे गेल्याचे त्यांना फारसे काही नव्हते. हा ढेकर मात्र जिव्हारी लागला. गाव तर कितीतरी दिवस हसत होते. झाडावर बसल्या बसल्याच दोघांचे ठरले होते की, दोघांत मिळून एक चांगली रायफल घ्यायची, दोघांनी मिळून यायचे, आणि घोंगडे शिरपाचे गेले म्हणून पहिला बार शिरपाचा.

पण रायफल घेण्याआधीच लढाई आली. दोघेही साताऱ्याला भरतीसाठी गेले. शिरपाला घेतले आणि दाजींना तळपाय सपाट म्हणून परत पाठवले. हा अपमान दाजी अजून विसरलेले नाहीत. "गोळी काय पायानं मारायची व्हती व्हय?" असे ते मला, आक्काला, आणि कोणी नसले तर बैलांनाही विचारत. शिरपा पलटणीबरोबर सिंगापूरला गेला. तिकडून त्याची पत्रे आली. शेवटच्या पत्रात त्याने लिहिले होते, 'बंदूक माझ्याबिगर घेऊ नगंस. तुला त्यातलं काय कळत न्हाई.' मग सिंगापूर पडल्याची बातमी आली आणि पत्रे बंद झाली. पुष्कळ दिवसांनी एक सरकारी कागद आला, त्यात नुसते 'बेपत्ता' लिहिलेले. मेला असे कोणी म्हणेना, आहे असेही कोणी म्हणेना. दाजींच्या तयारीला खरा जोर चढला तो या कागदानंतर.

तयारी तरी किती! अस्वलाचे नाक तिखट, तेव्हा वाऱ्याचा अंदाज हवा, म्हणून दाजी उठता बसता चिमूटभर राख हवेत सोडायचे. आक्का म्हणायची की या घरात दोन वर्षांत बिनराखेचा घास कोणी खाल्लेला नाही. रानात पाय न वाजवता चालता यावे म्हणून ते उसाच्या पाचटावरून चालण्याचा सराव करत. साडेपाच फूट उंच आणि जवळजवळ तितकाच रुंद माणूस वाळल्या पाचटावर चवड्यांवर चालू लागला की तिकडे मोटेवरचा गडीसुद्धा मोट थांबवून बघे. एकदा ते असे पावलापावलाने म्हशीच्या मागून गेले. म्हशीला त्यांचा सुगावा लागला नाही, हे खरे. म्हणूनच तिने लाथ मारली. आठ दिवस मांडी शेकत पडले होते, पण चेहरा समाधानी. "कळलं न्हाई तिला, मास्तर," ते मला म्हणाले. "आजाबात कळलं न्हाई."

हात स्थिर राहावा म्हणून ते रोज सकाळी आक्काचे मुसळ खांद्याला लावून अंगणात उभे राहत आणि मुसळाच्या टोकावर एक पोहा ठेवत. पोहा पडला की पुन्हा पहिल्यापासून. मुसळ असे कामाला लागल्यामुळे आक्काचे कांडण दुपारवर जाई. ते मुसळ नेहमी डाव्या खांद्याला असे, हे मी रोज पाहत होतो. पण जेवताना, लिहिताना, बैलाला चाबूक दाखवताना ज्या माणसाचा उजवा हात चालतो तो मुसळ डाव्या खांद्याला का लावतो, हे विचारावे असे मला कधी सुचले नाही. मास्तर असूनही.

एका उन्हाळ्यात गावात दरवेशी अस्वल घेऊन आला. दाजींनी त्याला तीन दिवस हलू दिले नाही. अस्वल झोपते कधी, चिडते कशाने, उताराला पळते की चढाला, असे विचारून विचारून त्या बिचाऱ्याचा जीव मेटाकुटीला आणला. शेवटी शिंप्याकडची टेप आणून त्यांनी भर चावडीपुढे अस्वलाच्या छातीचे माप घेतले. गुळाच्या वासाचा दाजींचा हात ते अस्वल इतक्या मायेने चाटत होते की, माप दोनदा चुकले. जाताना दरवेश्याने, पोरे दचकू नयेत म्हणून ताइतात घालतात ते अस्वलाचे केस दाजींना दिले. दाजींनी त्यांचे दोन ताईत केले. एक गळ्यात बांधला आणि दुसरा फडताळात ठेवला. त्या फडताळात सगळेच दोन दोन होते. पाण्याच्या दोन बाटल्या, दोन घोंगडी, काटे काढायचे दोन चिमटे. मी थट्टेने म्हणालो, "दाजी, अस्वलंही दोन हवीत मग." ते हसले नाहीत. तेव्हा मला माझ्या जिभेची लाज वाटली, ती अजून वाटते.

आणि ढेप. दरवर्षी गुऱ्हाळ लागले की पहिल्या आधणातली सर्वांत चांगली, सोन्यासारख्या रंगाची ढेप दाजी बाजूला काढत. अस्वल ज्या वाटेने येते तिथे ती ठेवायची, असा बेत. तिला घरात 'अस्वलाची ढेप' असेच नाव होते. तिच्यातला खडा कोणी मोडायचा नाही. दिवाळीला नाही, लेक माहेरी आली तरी नाही. पावसाळ्यात तिला पाणी सुटे, मुंग्या लागत, शेवटी ती बैलांच्या पुढ्यात जाई आणि पुढच्या गुऱ्हाळात नवी ढेप तिच्या जागी येऊन बसे. आक्का वैतागून म्हणायची, "अस्वलालाबी येवढी वाट बगाय लावत न्हाईत कुनी!"

उरली रायफल. गूळ सांगलीच्या पेठेत उतरवला की दाजी तिथल्या बंदुकांच्या दुकानात जात. सोबत मी. दुकानदार सोनेरी काड्यांचा चष्मा लावणारे, मितभाषी म्हातारे गृहस्थ. लढाईमुळे विलायतेचा माल बंद होता, त्यामुळे त्यांच्याकडे दरवर्षी त्याच चार जुन्या रायफली असत. दाजी मात्र त्या दरवर्षी पहिल्यांदा पाहिल्यासारख्या पाहत. पहिली हातात घेऊन म्हणत, "ही लय जड. घिऊन डोंगर चढंस्तवर अस्वल म्हातारं व्हईल." दुसरी हलकी, तिच्या गोळीने अस्वलाला गुदगुल्या होतील. तिसरीचा चाप इतका मऊ की शिंक आली तरी बार उडेल. चौथीची बोल्टची मूठ उजवीकडे. हे ऐकून एकदा दुकानदारांचा संयम सुटला. "अहो पाटील, बोल्टची मूठ उजवीकडेच असते. तुम्ही डावरे आहात का?"

"म्या न्हाई."

"मग प्रत्येक रायफल डाव्या खांद्याला का लावता?"

दाजींनी रायफल हळूच खाली ठेवली. बाहेर हळदीची पोती भरलेल्या गाड्या चालल्या होत्या, त्यांच्याकडे बघत ते म्हणाले, "शिरपा डावरा हाय."

दुकानदारांनी चष्मा काढून पुसला. मुसळाचा अर्थ मला तेव्हा कळला. पहिला बार शिरपाचा, म्हणून रायफल शिरपाच्या खांद्याला बसायला हवी होती. आणि दाजी रोज सकाळी अंगणात शिरपाचा खांदा होऊन उभे राहत होते.

पुढच्या वर्षी दुकानदारांनी आपणहून कुठल्याशा इनामदाराकडची एक रायफल आणून ठेवली. बोल्ट नाही, खाली दस्त्याशी एक तरफ. उजव्या हाताला चालावी तशीच डाव्या हातालाही. वजन बेताचे, चाप बेताचा. दाजींनी ती डाव्या खांद्याला लावली आणि ती तिथे अशी बसली की मला वाटले, संपले, आज रायफल घेऊनच घरी जाणार. पण दाजींच्या कपाळाला घाम आला. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, नळीत डोकावले, दस्त्याचा वाससुद्धा घेतला. एकही खोट सापडेना. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "हिचा पट्टा पिवळा हाय," ते म्हणाले. "अस्वलाला लांबनं दिसंल." आणि पट्टा बदलून देतो असे दुकानदार म्हणायच्या आत ते पायरी उतरले होते.

मी वाटभर चिडून बोलत होतो. घ्यायची नसेल तर तसे सांगा, लोकांचा वेळ का खाता, गाव तुम्हाला हसते. दाजी नुसते बैल हाकत होते. गावात शिरल्यावर त्यांनी गाडी घराकडे न नेता शिरपाच्या दारात थांबवली. शिरपाची आई, जिला सारे गाव मावशी म्हणायचे, उंबऱ्यात बसली होती. आम्हाला पाहून ती धडपडत उठली.

"गावली का रं बंदूक?"

"न्हाई, मावशे. येकबी धड न्हाई."

म्हातारीचा श्वास मोकळा झालेला मला दिसला. "बरं झालं," ती म्हणाली. "त्यो आला म्हंजी तुमी दोगं जावा. त्येला लय कळतं त्यातलं."

त्यानंतर मी दाजींना शिकारीवरून कधी टोकले नाही. रायफल घेतली की शिकारीला जावे लागणार, आणि दाजी एकटे शिकारीला गेले की शिरपा येणार नाही हे ठरून जाणार. म्हातारीच्या आशेसाठी हा माणूस गावाचे हसे अंगावर घेतो आहे, हे कळले तेव्हा मला त्यांच्या पाया पडावेसे वाटले. मी पडलो नाही. मास्तर लोक अशा वेळी नुसतेच उभे राहतात.

लढाई संपली. जपान्यांच्या कैदेतून सुटलेली माणसे आमच्या भागात एकेक करून परतली. दाजी प्रत्येकाच्या घरी जाऊन आले. शिरपाला शेवटचे पाहिलेला कोणी भेटला नाही. मग स्वातंत्र्य आले, चावडीवर झेंडा लागला, आणि त्यानंतरच्या एका सुटीत मावशीने दाजींना बोलावणे पाठवले. मी बरोबर गेलो. ती फार थकली होती. दाजींना जवळ बसवून म्हणाली, "आता घे रं बंदूक. आन जा, जाऊन ये. माझ्यापायी किती वर्सं थांबशील? मला काय कळत न्हाई व्हय? समदं गाव हसतंय तुला."

दाजी मान खाली घालून फेट्याचा सोगा बोटाला गुंडाळू लागले. मग अगदी हळू म्हणाले, "मावशे, तुझ्यापायी कोन थांबलंय? म्या माझ्यापायीच थांबलोय."

 म्हातारी उठून आत गेली आणि वाटीत गुळाचा खडा आणि तांब्या घेऊन आली. दाजींनी मुकाट्याने गूळ खाल्ला, पाणी प्याले, आणि मावशीने पदराने त्यांचे तोंड पुसले, लहानपणी ते आणि शिरपा ओढ्यावरून उंडारून आल्यावर पुसत असेल तसे.

त्या हंगामात गुऱ्हाळ लागले तेव्हा पहिल्या आधणातली ढेप आक्कानेच बाजूला काढून फडताळात ठेवली. सांगलीला गेलो तर दुकानदारांनी काही न विचारता इनामदाराची रायफल पुढे केली. तिचा पट्टा आता काळा होता. दाजींनी ती डाव्या खांद्याला लावली, उजवा डोळा मिटला, आणि ते पेठेच्या पलीकडे कुठेतरी बराच वेळ बघत राहिले. मग खाली घेऊन माझ्या हातात देत म्हणाले, "मास्तर, जरा जड वाटतीया का वो?"

मी ती दोन्ही हातांत तोलून पाहिली. तिचे वजन अगदी बेताचे होते.

"होय दाजी," मी म्हणालो, "जड आहे. पुढच्या साली बघू."