कांचीची ओटी

कांची कधीही दाराकडे पाठ करून बसली नाही. आमच्या शेडमध्ये आठ-दहा बायका झेंडूच्या ढिगाभोवती गोल बसून हार ओवायच्या. हिची जागा ठरलेली, फाटकाकडे तोंड करून. डोळे फाटकावर आणि सुई आपली चालूच, तरी फूल कधी वाकडं गेलं नाही.

ती नेपाळची. मखमलाबादला आमच्या मळ्याशेजारी एक इमारत उठत होती, तिचा नवरा तिथे वॉचमन. नेपाळी बाई म्हणजे कांची, एवढंच आमचं ज्ञान. धनमाया हे तिचं खरं नाव मला दीड वर्षाने कळलं, तेही तिनेच सांगितलं म्हणून. तिला मात्र शेडमधल्या प्रत्येकीच्या सुनेचंसुद्धा नाव पाठ होतं.

आमच्याकडच्या बायकांनी मार खाल्ला, की त्यांचा मोरीत पाय घसरलेला असतो. कांचीला ती कला जमली नाही. सुजलेला डोळा घेऊन यायची आणि कुणी विचारायच्या आत सांगायची, "पडली नाय ताई. त्यानं मारलं. मी खोटं कशाला बोलू?" मग सगळ्याजणी एकदम मान घालून फुलं निवडायला लागायच्या. मीही.

विहिरीजवळच्या मोटरच्या खोलीवर तिचा जीव होता. मोटर आम्ही कधीच काढली होती, आत नुसते रिकामे क्रेट. जेवणाच्या सुट्टीत ती तिथे जाऊन उभी राहायची. "इथं चूल, इथं झोपायचं. कडी आतून पायजे फक्त. हार ओवून पोट भरंल माझं."

दसऱ्याच्या आधी एका दुपारी ती पिशवी घेऊनच आली. ओठ फाटलेला. "ताई, ती खोली दे. त्याच्याकडं आता नाय जायचं."

मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई वाईट नाहीत. त्यांनी तिला चहा दिला, ओठाला हळद लावली आणि तिच्या नकळत नवऱ्याला निरोप धाडला. मग सवाष्णीला सासरी पाठवताना आपण करतो तेच केलं. पाटावर बसवून तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. कांचीला आमच्या रीती अर्ध्यामुर्ध्याच ठाऊक. घरात घेताना असंच करत असतील, असं तिला वाटलं. ओढणी पसरून ती माझ्याकडे बघून हसली. तिला मनापासून हसताना मी तेवढंच पाहिलं.

"जा बाई आता. न्यायला आलाय तो. नीट राहा, उलटं बोलू नको त्याला," सासूबाई म्हणाल्या. फाटकात तो मान खाली घालून उभा होता.

कांचीने ओटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई?" एवढंच म्हणाली.

मी बोलू शकले असते. दुसऱ्याची बायको घरात ठेवून घेतली म्हणून गाव नावं ठेवील, याची मला भीती वाटली. मी तिची पिशवी उचलून तिच्या हातात दिली. हे लिहितानाही मला लाज वाटते.

त्याच आठवड्यात तो तिला घेऊन इगतपुरीकडच्या कुठल्याशा कामावर गेला. दिवाळीनंतर राहिलेली भांडी न्यायला आला, तो एकटाच.

"कांची कुठंय?" मी विचारलं.

"भाग गयी," तो म्हणाला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

पोलिसांत जाऊन मी तिचं नाव लिहून दिलं, धनमाया. त्यांनी फोटो मागितला. आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. त्या माणसाच्या तोंडून मी कधी खरा शब्द ऐकला नाही. तेवढं एक तरी तो खरं बोललेला असू दे, एवढंच मी रोज देवापुढे मागते.